बिनभिंतीचं दार

आप्पा काही वाईट माणूस नव्हेत. पण तीसेक वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसलेला माणूस, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघणार तो 'नाही'च! निवृत्त झाले म्हणून खोड जाते थोडीच? दिवा लावू का, असं विचारलं तरी आधी नाही म्हणायचे आणि मग स्वतःच उठून लावायचे.

त्यांच्या बायकोला चर्चची अख्खी मंडळी मावशी म्हणायची. आता या मावशींनी साठी जवळ आल्यावर काय करावं? मिशनरी व्हायला नाव दिलं. परदेशात आठवडाभर प्रशिक्षण, आणि जो पास होईल त्याला रविवारी तिथूनच बोटीत बसवून एका लांबच्या बेटावर येशूची सुवार्ता सांगायला पाठवणार, चांगलं दोन वर्षांसाठी. नापास झालेल्यांनी मुकाट्याने घरी यायचं. आप्पाही बरोबर निघाले. "पिशव्या कोण उचलणार?" म्हणाले. खरं कारण वेगळंच होतं. ही गेली तर दोन वर्षं त्या घरात आपण आणि भिंतीवरचं घड्याळ! ती नापास व्हावी अशी त्यांनी विमानात डोळे मिटून प्रार्थना केली, आणि अशी प्रार्थना केल्याबद्दल लगोलग क्षमाही मागून टाकली.

मावशी मात्र विमानात शेजारच्या गृहस्थांना तारणाचा मार्ग समजावून सांगत होत्या. गृहस्थ मान डोलावत होते. उतरायची वेळ झाली तेव्हा त्यांनी कानातले बोळे काढले आणि विचारलं, "प्रशिक्षण केंद्रात चाललात ना? मी तिथला मुख्य प्रशिक्षक."

केंद्रातला मोठा हॉल म्हणजे एक गल्लीच होती. ओळीने दारं उभी. चौकट, कडी, बेल, पत्र टाकायची फट, पायपुसणं, सगळं जिथल्या तिथे. फक्त भिंती नव्हत्या. दारामागे खुर्चीवर बसलेला घरमालक बाजूने चक्क दिसायचा. तरी नियम कडक होता. दाराला वळसा घालून जायचं नाही, आणि पलीकडचं दिसतंय असं दाखवायचं नाही. शिकाऊ माणसाने बेल वाजवायची, बंद दाराशी बोलायचं, आणि घरमालकाने दार उघडलं की तो पास.

"मन हललं तरच उघडा," प्रशिक्षकांनी घरमालकांना बजावलं. "भिडेखातर उघडलंत तर ते खोटं बोलल्यासारखं होईल."

घरमालक एक कमी पडत होता. पिशव्यावाले आप्पा रिकामेच बसले होते, म्हणून त्यांना धरून एका दारामागे बसवलं. इथेच सगळं चुकलं बघा.

बाकीची दारं पहिल्याच सकाळी धडाधड उघडली. एका दारामागे बसलेली बेकरीवाली तर बेल वाजायच्या आधीच रडत रडत उघडायची. आप्पांच्या दाराशी आला एक दातांचा डॉक्टर. त्याने स्वर्गाचं असं काही वर्णन केलं की शेजारच्या दारामागचा घरमालक उभा राहिला.

"बरं, मग?" आप्पांनी आतून विचारलं. "तिथे पाणी किती वाजता येतं?"

"पाणी? तिथे... चोवीस तास असतं," डॉक्टर चाचरत म्हणाला.

"चोवीस तास? जा बाबा तू. हे वचन मी स्वतः खिडकीत बसून लोकांना दिलंय."

संध्याकाळपर्यंत दार काही उघडलं नाही. प्रशिक्षकांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "हे खरं दार!" त्यांनी जाहीर केलं. "बाकीची दारं आजपासून रद्द. जो हे उघडेल तोच पास." मग कसं उघडायचं ते दाखवायला ते स्वतः पायपुसण्यावर उभे राहिले. घसा बसेपर्यंत बोलले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही." नियम तो नियम, प्रशिक्षकही नापास. ते हॉलमध्येच नवशिक्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथूनच शिकवू लागले.

आप्पांचं जेवण फटीतून आत जायचं. पाव जायचा, सूप कसं जाणार? एक दिवस झाडूवाली बाई फरशी पुसत पुसत दाराला सरळ वळसा घालून निघून गेली, तर रांगेतले दोघं गुडघ्यांवर बसले. "भिंतीतून गेली!" म्हणाले. त्यांना समजावता समजावता प्रशिक्षकांच्या नाकी नऊ आले.

रांग मात्र वाढतच गेली. कारण आप्पा दार उघडत नसले तरी ऐकायचे. तक्रार ऐकायची तर शेवटपर्यंत ऐकायची, हा त्यांचा खिडकीतला नेम. लोकांनी हळूहळू सुवार्ता सोडली आणि आपलंच सांगायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरने फटीला तोंड लावून दुरावलेल्या भावाचं सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "मोठा तू ना? मग तूच फोन कर." डॉक्टर डोळे पुसत गेला.

पुरुषांची राहायची सोय एका इमारतीत, बायकांची दुसरीत, जेवणंही वेगळी. त्यामुळे नवराबायकोची गाठ नाही. मावशी रांगेच्या शेवटी या पायावरून त्या पायावर होताना आप्पांना दिसायच्या, पण दिसतंय असं दाखवायचं नाही ना! रोज त्यांचा नंबर येईपर्यंत हॉल बंद व्हायचा. आप्पांना बरंच वाटायचं. दार उघडायचंच नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कुणीच पास नाही, सगळे घरी!

शनिवारी बेल वाजली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"एक बाई आहे," मावशी म्हणाल्या. "आपल्यासाठी एक आनंदाची बातमी घेऊन..." आणि मधेच थांबल्या.

"बरं, मग?"

"मग काय, डोंबल! अहो, बुधवारपासून रांगेत उभी आहे मी, स्वतःच्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायला. त्या दातवाल्याचं तासभर ऐकलंत. परक्या लोकांचे भाऊ म्हणू नका, जावई म्हणू नका, सगळं ऐकलंत. माझं कधी ऐकलंत एवढं? मी तोंड उघडलं की तुम्ही पेपर उघडणार. सगळ्या गावाचं ऐकून यायचात आणि घरी आलात की खिडकी बंद!"

आप्पांचे कान तापले. त्यांनी सवयीने विचारलं, "तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही हो," मावशींचा आवाज खाली आला. "फार एकटं वाटतं मला. तुम्ही शेजारी बसलेले असता तेव्हासुद्धा."

आप्पा उठले. उघडलं तर ही पास होणार आणि उद्या बोटीत बसणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण आता न उघडणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. त्यांनी कडी काढली.

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी गाणं सुरू केलं, प्रशिक्षक मागच्या बाकावर चढून उभे राहिले. त्या गोंधळात आप्पा मोठ्याने म्हणाले, "जाऊ नकोस गं. मला तुझ्याशिवाय नाही करमणार."

मावशी चौकट ओलांडून आत आल्या.

"हे ऐकायलाच तर नाव दिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणाल, थांब म्हणाल, असं वाटलं होतं. एरवी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारा माणूस, तेवढ्याला मात्र म्हणालात, बघ तुझं तू."

"मग आता म्हणतोय ना! थांब."

"आता मला खरंच जायचंय हो," मावशी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्यांनी आप्पांची कॉलर सरळ केली आणि स्वतःचे डोळे पुसले.

रविवारी आप्पांनी पिशव्या धक्क्यापर्यंत नेऊन दिल्या. बोट दिसेनाशी झाल्यावर ते तडक हॉलमध्ये आले आणि प्रशिक्षकांना म्हणाले, "मलाही त्याच बेटावर जायचंय."

"पास व्हावं लागेल."

"बेकरीवालीच्या दाराशी चालेल?"

"ते दार रद्द आहे," प्रशिक्षक म्हणाले. मग ते खऱ्या दारामागे गेले, आप्पांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

आप्पा पायपुसण्यावर उभे राहिले. त्यांनी बेल वाजवली.

"कोण?"

"मी," आप्पा म्हणाले. "माझं जरा ऐकून घेता का?"