वाळूच्या पिशवीची तगमग

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. जाड कापडाची, दोन्ही टोकांना पट्टा लावलेली, पोटावर शिवणीचे वण असलेली. पिशवीने गप्प पडून राहावे, असे तुम्ही म्हणाल. पण वाळूला एका जागी बसवत नाही. जरा हलवले की ती या कुशीवरून त्या कुशीवर जाते, आणि माझा स्वभावही तसाच चुळबुळा झाला आहे. तेव्हा भराभर सांगते, मध्येच कुणी उचलले तर गोष्ट अर्धी राहायची.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरी झाला. हे शिंपी आजोबा आता म्हातारे झाले आहेत. पुढच्या खोलीत शिवणयंत्र ठेवून ओळखीच्यांचे कपडे शिवतात. त्यांची बायको, म्हणजे आपली आजी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली. साधेच पडणे, पण मनगट मोडले. तपासणीत कळले की तिची हाडे आतून विरळ झाली आहेत. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "आजी, हाडाला काम दिलं नाही की ते कमजोर होत जातं. थोडं थोडं वजन उचलायचं. घाई नको, पण टाळाटाळही नको."

"वजनं विकत कशाला आणायची? मी शिवतो की," असे म्हणून आजोबांनी तंबूच्या जुन्या कापडातून मला बेतले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो वाळू तोलून भरली, तोंड शिवले आणि कपड्यांवर खुणा करायच्या खडूने माझ्या पोटावर भला मोठा एक लिहिला.

आजीला चैन नव्हते, त्याला कारण होते. तिच्या लेकीला तान्हे बाळ होते. सगळे त्याला गब्दुल म्हणत. आजी पडल्यापासून गब्दुलला तिच्या हातात उभ्याने कुणी देत नसे. तिला खुर्चीत बसवायचे, दोन्हीकडे उशा लावायच्या, मग बाळ मांडीवर ठेवायचे, आणि तरी चार हात खाली तयार. "हे बाळ आहे की काचसामान?" आजी पुटपुटायची. लेकीला पुन्हा कामावर जायचे होते. ती म्हणाली, "आई, तू आठ किलो नीट उचललेस की गब्दुल दिवसभर तुझ्याकडे. नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल."

मग काय विचारता! सकाळी चहाच्या आधी आजी मला उचलायची. खुर्चीतून उठायची, बसायची, पुन्हा उठायची. आजोबा वाळू वाढवत गेले, एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. लेक कौतुक करायची आणि मी अभिमानाने फुगायचे. तिकडे गब्दुलही फुगत होता. आमची जणू शर्यतच लागली होती.

तीनवर गाडे अडले. त्या दिवशी आजीचे दंड दुखले. बाई म्हणाल्या, "थोडं अंग दुखणारच. एक दिवस विसावा घ्या." आजी निवांत झोपली, आजोबांच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीची डुलकी लागली, तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेतले, शिवण उसवली आणि ओंजळभर वाळू काढून कुंडीत टाकली. पोट खपाटीला जाऊ नये म्हणून कापडाची कातरण कोंबली. खडूचा तीन तसाच ठेवला.

पुढे हा रिवाजच पडला. भरताना सगळ्यांसमोर, काढताना एकटे. खडूचा आकडा चढत गेला आणि माझ्या पोटात चिंध्या वाढत गेल्या. मित्रांनो, माझा जीव नुसता तळमळत होता. मला तोंड होते, पण तेही त्यांनीच शिवलेले. आजी मला डोक्यावर नेऊन हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

खडूने आठ म्हटले. आजी पलंगाजवळ गेली आणि तिने गब्दुलला उचलले. वीतभर वर आला असेल, तोच तिचे हात लटपटू लागले. लेकीने झटकन बाळ झेलले. कुणाला खरचटलेदेखील नाही. आजी मात्र पलंगाच्या कडेवर बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. "माझी हाडंच फितूर झाली," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी शिवणयंत्राखाली पडले. बाईंना तिने येऊ नका म्हणून सांगितले. लेकीने शेजारणीला गळ घालून बाळाची सोय केली. पाण्याचा तांब्यासुद्धा आजी आता आजोबांकडून उचलून घेऊ लागली. आजोबा निमूटपणे उचलायचे, पण त्यांना घास गोड लागत नव्हता. मी अंधारात धूळ खात होते.

पुन्हापुन्हा उसवून माझे कापड विरले होते. एकदा केर काढताना लेकीने मला ओढले आणि माझी शिवण टरकली. वाळू थोडीच सांडली. चिंध्या भसाभस बाहेर आल्या. आजीने वाकून एक निळी चिंधी उचलली.

"अहो, हे शेजारणीच्या झग्याचं कापड. तो तर तुम्ही गेल्या महिन्यात शिवलात. इथे कसं?"

आजोबांनी शिवणयंत्र थांबवले. "मीच भरलं," ते म्हणाले. "तू पडलीस तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. तुला जड होऊ नये, एवढंच वाटलं."

"किती काढलीत?"

"निम्मी."

"म्हणजे माझी हाडं खरं बोलत होती." आजीच्या डोळ्यांत पाणी आले, आवाज मात्र चढला. "खोटं बोलत होतात ते तुम्ही. बाळ माझ्या हातून पडलं असतं तर? ओता वाळू काट्यावर. माझ्यासमोर. आणि जेवढी असेल तेवढंच लिहा."

आजोबांनी मला पुन्हा शिवले आणि चार लिहिले. आजीने चार उचलले. बाई पुन्हा येऊ लागल्या. मी पुन्हा सकाळची वाट बघू लागले. आकडा आता गोगलगायीसारखा चढत होता, पण खरा चढत होता. मध्यंतरी गब्दुल आठाच्या पुढे निघून गेला होता. आजी म्हणाली, "जाऊ दे, गाठीन त्याला."

आणि गाठले. त्या सकाळी ती पलंगाजवळ गेली, गुडघे वाकवले, बाळाला छातीशी धरले. आजोबांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. आजीने त्यांच्याकडे नुसते पाहिले. त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. गब्दुल वर गेला. आजी त्याला घेऊन खिडकीपर्यंत चालत गेली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर माया करा, पण त्यांच्या हातातले वजन न सांगता कमी करू नका. जाणत्या माणसाला विचारून त्यांना थोडे थोडे उचलू द्या. आणि त्यांची पिशवी उसवली असेल तर दोन टाके घाला, तिला कोपऱ्यात धूळ खात ठेवू नका.

आता माझ्या शेजारी एक नवी पिशवी आली आहे. तिचे टाके वेडेवाकडे आहेत, कारण ती आजीने आजोबांसाठी शिवली आहे. तिच्यावर खडूने एक लिहिला आहे, आणि तो काट्यावर तोलून लिहिला आहे.