लाल नाड्याचे गठ्ठे

मित्रांनो, जुना झालोय मी, पण वाकडा नाही. इंदूरच्या एका सूतगिरणीतला लोखंडी तराजू आहे मी. महूच्या लोहाराने ठोकून ठोकून सीधा केला मला, म्हणून टेढी बात दिसली की डोकं तापतं.

होळकरांचं राज्य गेलं, मध्य भारत राज्य आलं, पण आमच्या खात्यात रीत जुनीच. बाया आणि पुरुष सुताच्या लड्यांचे सारख्याच वजनाचे गठ्ठे बांधून माझ्याकडे आणायचे. माझ्या पारड्यात दोघे बरोबर, मजुरीत मात्र बाईला निम्मे पैसे. मजुरांवरचा जॉबर शंकरराव, त्याने तर खूणच ठेवली होती: बाईच्या गठ्ठ्याला लाल धागा, पुरुषाच्या गठ्ठ्याला पांढरा.

"बायांचे हात ढिले, गठ्ठेही ढिले," तो म्हणायचा.

"मग धागा कशाला बांधता? बघूनच ओळखा ना," इंदुमती बोलायची. खात्यात सगळ्यात चलाख हात तिचेच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांना, मला, मालाला, सगळ्यांना हळदकुंकू आणि लाल नाडा. शंकररावने स्वतः नारळ फोडला आणि हुकूम सोडला, "जुने धागे तोडा. नाड्याशिवाय एक पण गठ्ठा राहायला नको."

बायांनी एकही सोडला नाही. तोलायची वेळ झाली तेव्हा सगळेच गठ्ठे लाल. आणि पूजेचा नाडा दसऱ्याआधी कोण तोडणार?

मॅनेजर नानासाहेब तिथेच प्रसाद खात उभे होते. इंदुमती पुढे आली. "शंकररावजी, आता ओळखा. ओळखलंत तर मी काम सोडते. चुकलात तर सगळ्यांना एकच दर."

तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

"मंजूर," नानासाहेब म्हणाले. "ओळखा शंकरराव, रोजचंच तर काम आहे तुमचं."

शंकररावने एक कसून बांधलेला गठ्ठा उचलून थोपटला. "हा बघा मरदाचा हात. आपल्या हरीचा."

मजुरांत उभ्या हरीने पुढे येऊन गाठ बघितली. "नाही भिया, असा तर माझ्या बापाला पण जमला नसता. ही गाठ इंदुमतीबाईंची."

शंकररावने घाईत दुसरा उचलला. "मग हा ढिला! हा तर बाईचाच."

"तो माझा," हरी म्हणाला.

अख्खं खातं हसलं. नानासाहेबांनी दोन्ही गठ्ठे माझ्या पारड्यांत ठेवले. माझा काटा मधोमध येऊन ठाम उभा राहिला.

"आजपासून दर एक," ते म्हणाले.

बायांनी हळदीच्या हातांनी मला असा झुलवला की कड्या खणखणल्या. मित्रांनो, तसा मी पुन्हा कधी वाजलो नाही.

आता नवीन वजनकाटा आलाय, मी दारापाशी टांगलेला असतो. तरी खंडेनवमीचा पहिला नाडा इंदुमती मलाच बांधते. मला पुसा, तेल द्या, गंजू देऊ नका. आणि कुठेही माल तोलाल तेव्हा आधी रिकामी पारडी बघा. काटा एका बाजूला झुकलेला दिसला तर तिथेच, तोंडावर सांगा.