बहारीनची तुमान

बहारीनला जायच्या आधी आठ दिवस आमच्या घरात एका तुमानीवरून भांडण पेटलं होतं.

साल अठ्ठावन्न. मुरुडच्या कोळीवाड्यात माझा बा अंबाजी तांडेल, त्याच्या होडीवर आम्ही तिघे भाऊ राबायचो. शब्द एकाचाच चालायचा, बाचा. शेजारच्या मोहल्ल्यातला इक्बालभाई बहारीनच्या बंदरात टगबोटीवर होता. रजेवर आला तेव्हा त्याने माझी खलाशाची जागा पक्की केली, आणि माझी ट्रंक भरायलाही तोच बसला.

"दोन तुमानी, घोट्यापर्यंत. दोन सदरे, बाह्या मनगटापर्यंत," तो म्हणाला. "उकाडा मरणाचा आहे तिकडे, पण अंग झाकायचं. गुडघा दिसला की माणसं तोंड फिरवतात. गेल्या साली एकाला त्यावरून परत धाडला."

मी जन्मभर कमरेला रुमाल बांधून उघड्या पायांनी फिरलेला. त्या पायांत लपवण्यासारखं काय आहे ते मला कळेना. पण देश त्यांचा, रीत त्यांची. मी तुमानी घडी करून ट्रंकेत ठेवल्या.

बाने त्या उचलून अंगणात भिरकावल्या.

"सायेब व्हायचंय? जा की मुंबईला, बंगल्याचं फाटक उघडायला!"

"काका, रिवाज आहे तिथला," इक्बालभाई म्हणाला.

"रिवाज पाण्याला सांग."

बाचा धाकटा भाऊ कोंडाजी मुंबईत लाँचवर होता. तुमानीसकट समुद्रात पडला, तो वर आला नाही. बा त्याचं नाव घेत नसे. नुसता तुमानीला शिव्या द्यायचा.

"ह्या तुमानीत होडीवरून उडी मार," बा मला म्हणाला. "धड वर आलास तर बोल. न्हायतर माझी जाळी ओढायची जन्मभर."

"मारतो."

माझी बायको गोदू चुलीपाशी बसली होती. "बापूस येडा, लेक दीडशाना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भरतीला खाडीत मी उडी मारली. तुमानीत पाणी शिरलं आणि दोन्ही पाय कुणी गोणीत बांधल्यासारखे झाले. बटणं काढायला गेलो तर कापड फुगून काजं आवळलेली. छाती फुटायला आली. शेवटी हिसडा मारून एक बटण तोडलं, तुमान गुडघ्याखाली ढकलली आणि पाणी ओकत वर आलो. बाने हात दिला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"झालं समाधान? सोड आता बहारीन."

"उद्या परत मारतो," मी म्हणालो.

दुपारभर मी अंगणात बसलो. दोन्ही तुमानींची सगळी बटणं कापली, कमरेला नेफा शिवून घेतला आणि त्यात जाळ्याची दोरी ओवली. गाठ मारली ती आम्ही जाळं अडकलं तर झटक्यात सोडायला मारतो ती. एक टोक ओढलं की सुटलीच पाहिजे.

गोदू हसायला लागली. "आनि तिथं बाजारात कुनी टोक ओढलं मंजे? गुडघाच काय, समदा नवरा दिसंल!"

"टोक आत खोवतो ना."

"खोव, खोव. नीट खोव."

तिने दुसऱ्या तुमानीची गाठ स्वतः ओढून पाहिली. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उडी मारली. पाय जड झाले, पण घाबरलो नाही. मुद्दाम खाली गेलो, पायाला चिखल लागेपर्यंत. मग टोक ओढलं. तुमान सुटली. ती तशीच हातात धरून मी वर आलो आणि होडीत बाच्या पायाशी टाकली.

 बाने वाकून ती दोरी बोटांत धरली, गाठ मारली, ओढली. पुन्हा मारली, पुन्हा ओढली.

"आनि मी न्हाय म्हनलं तर?"

"तरी जानार."

"मंग मला इचारतोस कशाला?"

"इचारलं न्हाय, बा. दाखवलं."

बाने वल्हं उचललं. मी हात पुढे केला तर मला दिलं नाही, "जानाऱ्यानं बसायचं," म्हणाला आणि किनाऱ्यापर्यंत स्वतःच मारलं. किनाऱ्यावर सगळा वाडा जमला होता. मी सगळ्यांसमोर ती ओली तुमान चढवली, टोक आत खोवलं आणि त्यांच्यातून घराकडे चालू लागलो.

"सायेब आला, सायेब!" कोणी तरी ओरडलं. लोक हसले.

हसू देत. मी पावलं जरा लांबच टाकली.