कोरीनचं पाकीट कुठे आहे?

आमच्या चर्चच्या अंगतपंगतीत शेवटचा तुकडा कुणी खात नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो पाळला जातो. ट्रेमध्ये एकच तुकडा उरला की पुढचा माणूस त्याचा अर्धा घेतो, त्याच्या मागचा उरलेल्याचा अर्धा, आणि असं होत होत मुंगीलाही अपमान वाटेल एवढा कण मालकिणीबरोबर घरी परत जातो. त्यामुळे जुलैतल्या दुसऱ्या रविवारी कोरीनचा ट्रे टेबलावर साफ रिकामा दिसला, तेव्हा एल्सगार्डच्या एकशेचाळीस लूथरन माणसांना एकदमच कळलं, की यात काहीतरी काळंबेरं आहे.

शेवटचा तुकडा मी खाल्ला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण माझा इलाज नव्हता. पदार्थ तसा रोजचाच: चॉकलेटच्या क्रीम बिस्किटांचा थर, त्यावर फेटलेल्या क्रीमचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, आणि रात्रभर फ्रिज. बिस्किटं मऊ पडतात आणि केकसारखी कापली जातात. आमच्याकडे हे सहावीतलं पोरही करतं. पण कोरीनच्या ट्रेमधली बिस्किटं मऊ पडूनही आपलं बिस्किटपण सोडत नव्हती. मी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. टेबलाच्या खालच्या खणात माझं स्वतःचं पाकीट असतं. मधल्या सुट्टीत मी एकेक बिस्किट पिळून उघडतो, आधी क्रीम खरवडून खातो, मग चकत्या दुधात बुडवतो. या विषयात गावात माझा शब्द मानतात. कोरीनचं बिस्किट पाकिटातलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मग बिघडलं काय? बिघडतं. अकरा वर्षांपूर्वी दोन बायकांच्या ॲपल पायवरून आमचा गायनवृंद फुटला होता. उंच सुराच्या बायका खिडकीकडे बसू लागल्या, खालच्या सुराच्या दाराकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही नाताळ साजरा केला. शेवटी ठराव झाला: उन्हाळ्याच्या अंगतपंगतीला गोड पदार्थ फक्त दुकानातल्या पाकिटाच्या बिस्किटांचा. घरी ओव्हन पेटवायचा नाही. तेव्हापासून कुणी खेळण्यातल्या बादलीत पुडिंगवर बिस्किटांचा चुरा पसरून त्याला माती म्हणतं आणि वर जेलीच्या अळ्या खोचतं, कुणी तोच चुरा लोण्यात दाबून त्यावर तेच पुडिंग ओततं. सगळं सारखंच सुमार लागतं. कुणाचं कुणाशी भांडण नाही.

सोमवारी दुपारी मार्लिस माझ्या दारात गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून बसल्या होत्या. मार्लिस म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी मला बायबल शिकवलं, आणि तेव्हापासून मी त्यांना बारा वर्षांचाच दिसतो.

"आत येत नाही, तू कामात असशील," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन दीड तास बसल्या.

"काल त्या कोरीनने आणलं होतं, ते खाल्लंस?"

"थोडंसं."

"वेगळंच होतं, नाही?"

आमच्याकडे 'वेगळंच' हा शब्द सरकारी वकील वापरतात तसा वापरतात. पदार्थ चांगला असेल तर आम्ही 'वाईट नाही' म्हणतो, आणि फारच चांगला असेल तर हवामानाबद्दल बोलतो.

"मी काही म्हणत नाही हं," मार्लिस म्हणाल्या. "बाई नवीन आहे, नियम माहीत नसेल, असंही म्हटलं असतं. पण नियमाचा कागद मी स्वतः तिच्या हातात दिला होता. तिने चष्मा लावून वाचला."

"मग?"

"मग पाकीट कुठंय? तिची शेजारीण सांगते, चार महिन्यांत तिच्या कचऱ्यात बिस्किटाचं एक पाकीट नाही."

"शेजारीण तिचा कचरा बघते?"

"बघत नाही रे. दिसतो."

कोरीन मार्चमध्ये आमच्याकडे आली. साठीची बाई, नवरा गेलेला, शहरातली नोकरी सुटलेली. इथे घर स्वस्त मिळालं म्हणून आली. दर रविवारी प्रार्थना संपली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "काही मदत?" आतून आठ बायका एका सुरात म्हणायच्या, "नको नको, झालंच." आमच्या गावात कामाशिवाय कुणी कुणाच्या घरी जात नाही. चार माणसं एकत्र बोलताना ऐकायची असतील तर ते स्वयंपाकघर, दुसरी जागा नाही. दफनानंतरची कॉफी आणि जेवण तिथून येतं, आणि ती कॉफी प्यायल्याशिवाय एल्सगार्डमध्ये कुणी पुरता मेला असं धरत नाहीत. तिथे नवव्या बाईची जागा हिवाळ्यापासून रिकामी होती. जूनमध्ये कोरीनने ती सरळ मागितली. आमच्याकडे कुणी काही सरळ मागत नाही, त्यामुळे संशयाला सुरुवात खरं तर तिथूनच झाली होती.

"फसवलं असेल, तर ती जागा तिला मिळायची नाही," मार्लिस म्हणाल्या. "फसवलं नसेल, तर बघू. तू विज्ञानाचा माणूस आहेस. जरा चौकशी कर. पण तिला कळता कामा नये."

मी आधी व्हर्नकडे गेलो. गावात किराणा दुकान एकच, त्यामुळे गावाच्या पोटातलं व्हर्नला पास्टरपेक्षा आधी कळतं.

"मी गिऱ्हाइकांबद्दल बोलत नाही," व्हर्न म्हणाला, आणि गल्ल्यावर कोपर टेकून बोलायला लागला. "पाकीट? एक नाही. त्या फळीपुढून जाताना ती मान फिरवते. माजी नवऱ्यापुढून जाताना बायका फिरवतात ना, तशी. आणि कोको? पिठीसाखर? वनस्पती तूप? घरात बेकरी उघडलीय की काय, कोण जाणे."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी विकतो." मग त्याने माझ्या हातातल्या टोपलीकडे पाहिलं. "तू मात्र या आठवड्यात तीन पाकिटं नेलीस, आर्लो. घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हणालो, तपासासाठी लागतात. त्याचा विश्वास बसला नाही.

बुधवारी दुपारी कोरीनच्या दारावर टकटक करायला हात उचलला तेवढ्यात दार उघडलं.

"या. सोमवारपासून वाट बघतेय. मला वाटलं, पास्टरांना पाठवतील."

"मी आपला सहज आलो होतो."

"इथे सहज कुणी येत नाही. चार महिन्यांत या दारातून आत आलेले तुम्ही पहिलेच. पाकीट बघायचंय ना? पाकीट नाहीये. बसा."

तिने बशीत बिस्किटं आणि पेलाभर दूध पुढे ठेवलं. चकत्यांवर बारीक नक्षी होती, रेघन्‌रेघ पाकिटातल्यासारखी. मी एक बिस्किट पिळलं. सगळं क्रीम एकाच चकतीवर राहिलं, दुसरी कोरी निघाली.

"खालच्या चकतीवर आधी क्रीम पडतं, वरची नंतर बसते," कोरीन म्हणाली. "म्हणून ते खालचीलाच धरून राहतं. एकतीस वर्षं याच बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभी होते मी. दुपारची पाळी." तिने खणातून एक पितळी छापा काढून टेबलावर ठेवला. एका कडेला तो चेपला होता. "कारखाना बंद झाला तेव्हा भंगारातून उचलला. चोरी म्हणा हवं तर. तेही लिहून घ्या."

"मी काही लिहीत नाहीये."

"मग या गावातले तुम्ही एकटेच."

मी दुसरं बिस्किट घेतलं. "पण नियम तर तुम्ही वाचला होता."

"वाचला. पण एका शुक्रवारी आम्हाला कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं करून हातात नोकरी गेल्याचा कागद दिला त्या कंपनीने. नवरा माझा त्याच पट्ट्यावर होता. पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. त्या पाकिटासाठी माझ्या हातून एक डॉलर सुटायचा नाही, आर्लो. मी म्हटलं, बिस्किट तेच, हात तेच, नुसतं पाकीट नाही. एवढं कोण बघतंय?"

"इथे सगळे तेवढंच बघतात."

ती हसली नाही. "म्हणजे ती जागा गेली."

"मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. पाकीट सापडलं म्हणून सांगता येईल."

"नको. खरं ते सांगा. खोटं बोलून आत गेले तर त्या मला रोज तपासतील. मी आयुष्यभर तपासनिसांच्या हाताखाली काम केलंय. एक चकती वाकडी गेली की बोंबलायचे. पण तोंडावर बोंबलायचे हो. इथे नुसतं 'नको नको, झालंच' म्हणतात. त्यापेक्षा ते बरं होतं."

मी सहा बिस्किटं खाऊन निघालो. तपास सखोल झाला होता.

शनिवारी स्वयंपाकघरात मार्लिस एकट्याच टेबल पुसत होत्या. मी सगळं सांगितलं. छाप्याचं सोडून.

"म्हणजे ओव्हन पेटवला."

"पेटवला."

"म्हणजे नियम मोडला."

"मोडला. पण मार्लिस, एवढी वर्षं तुम्ही व्हर्नकडून जी पाकिटं आणलीत, त्यातली निम्मी तिच्या डोळ्यांखालून गेलेली असणार."

मार्लिसनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. "दुपारची पाळी म्हणालास?"

"हो."

"हं." त्यांनी फडका बादलीत बुचकळला. "असा ट्रे पुन्हा त्या टेबलावर आला तर काय होईल, सांगते. पुढच्या वर्षी चार जणी गुपचूप ओव्हन पेटवतील. त्याच्या पुढच्या वर्षी ॲपल पाय परत येईल. मला या वयात तो नाताळ पुन्हा बघायचा नाहीये." त्यांनी फडका पिळला. "तिला सांग, गुरुवारी दहाला ये. ओलाफसनचं दफन आहे. ॲप्रन घेऊन ये म्हणावं."

मला ते समजायला गाडीपर्यंत चालत जावं लागलं. स्वयंपाकघरातल्या बाईने अंगतपंगतीला ट्रे आणायचा नसतो. भांडण मिटवणाऱ्याने पंगतीत स्पर्धा करू नये, म्हणून. मार्लिसनी तिला जागा दिली होती, आणि त्याच फटक्यात तो ट्रे त्या टेबलावरून कायमचा उचलला होता. ही दया होती की शिक्षा, याबद्दल मला आजही संशय आहे. तक्रार करायची फार इच्छा झाली. पण चौकशी अधिकाऱ्याला पोट असतं, हे बाहेर कळून चालत नाही.

कोरीनला निरोप दिला तेव्हा तिने हात पुसत विचारलं, "म्हणजे मला आत घेतायत, की माझ्या बिस्किटांना बाहेर काढतायत?"

"दोन्ही."

"कारखान्यात निदान एका वेळी एकच करायचे," ती म्हणाली. येणार की नाही, ते सांगितलं नाही.

गुरुवारी ती पावणेदहालाच हजर होती. मी खुर्च्या मांडायच्या निमित्ताने चर्चच्या तळघरात होतो आणि तिथल्याच स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. पहिला तासभर तिला कुणी काही काम दिलं नाही, नकोही म्हटलं नाही. मग मार्लिसनी तिच्यापुढे एक मोठं ताट ठेवलं आणि शेजारी पाकिटं ठेवली. त्याच कंपनीची, तीच बिस्किटं.

"एवढी मांडून टाक, कोरीन."

एकीने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

कोरीन पाकिटांकडे बघत राहिली. पैसे चर्चने दिले होते. हात लावायचा की नाही, याबद्दल तिने त्या एक डॉलरच्या शपथेत काही घातलं होतं का, ते मला माहीत नव्हतं, आणि तिलाही आत्ताच आठवून बघावं लागत असावं. शेवटी तिने एक पाकीट फोडलं. बिस्किट उचललं, पिळलं आणि दोन्ही चकत्या खिडकीच्या उजेडात धरल्या. खाल्लं नाही.

"क्रीम कमी केलंय," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"आमच्या वेळी क्रीम कडेपर्यंत जायचं. हे बघा, सगळीकडून कड उघडी पडलीय. चकतीसुद्धा पातळ झालीय. पाकीट तेवढं जुन्याच मापाचं ठेवलंय, म्हणजे कुणाला कळायला नको."

आठ हात ताटाकडे गेले. आठ बिस्किटं पिळली गेली. वर शेवटचं भजन चालू होतं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अगं, माझ्यावर तर अर्ध्यालाच लागलंय!"

"तरीच नातवंडांसाठी केलेली माझी माती गेल्या वर्षी कोरडी झाली. मी पुडिंगला दोष दिला."

"आणि व्हर्न म्हणतो, सगळं पहिल्यासारखंच आहे."

"व्हर्न म्हणणारच."

"तुझ्यानंतर त्या क्रीमवर कोण उभा असतो गं?"

"कुणी नाही. आमचा कारखाना बंद करून दुसरीकडे नवा काढला, तिथे यंत्र आहे."

"यंत्र!" मार्लिस म्हणाल्या, गावातली पोरगी पळवून नेणाऱ्याचं नाव घ्यावं तसं. "मला गेल्या ईस्टरपासूनच संशय होता." मार्लिसना कशाचाही संशय गेल्या ईस्टरपासूनच असतो. "इकडे सरक, कोरीन, उजेड अडतोय. आता सांग, आधी किती असायचं? बोटाने दाखव."

कोरीनने दाखवलं. आठही बायकांनी आपापलं बोट तिच्या बोटाला लावून माप घेतलं.

वर भजन संपलं. जिन्यावर पावलं वाजायला लागली. ओलाफसनांची माणसं कॉफीसाठी खाली येत होती.

"आर्लो," मार्लिसनी दारातून हाक मारली, "तू तिथे मघापासून ऐकतोयस, मला दिसतंय. जा, शाळेतला तराजू घेऊन ये. आणि त्या लोकांना सांग, कॉफीला थोडा वेळ लागेल." मग त्या आत वळल्या. "कोरीन, आणखी तीन पाकिटं फोड. एकाच पाकिटावरून कुणावर आळ घ्यायचा, असे आपण लोक नाही."

कोरीनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पाकीट हातात घेऊन उलटं केलं आणि कारखान्यात ते सगळ्यात शेवटी जिथे चिकटवतात, नेमकं तिथून फोडलं.