शिंप्याच्या दुकानातली शाळा

मित्रांनो, मी एक जुने, लांबलचक टेबल आहे. सुताराने मला घडवले ते एका शिंप्यासाठी, कापड बेतायला. त्याची पाठ वाकू नये म्हणून मला चांगले कमरेइतके उंच केले होते.

शिंपी भला माणूस. दुकानामागच्या खोलीत त्याची थोरली बहीण राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. लहानपणी मामाकडे राहून ती पुष्कळ शिकली होती. गावात तेव्हा शाळा नव्हती. सरकारी शाळा होती ती दोन तास चालून गेल्यावर. एके दिवशी पाववाला कोट शिवायला आला. सोबत त्याची मुलगी. तिच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे, म्हणून तिचे नावच टकळी पडले होते. बापाचे माप घेऊन होईपर्यंत आक्काने तिला तीन अक्षरे शिकवली, माझ्याच अंगावर, शिंप्याच्या चपट्या खडूने. दुसऱ्या दिवशी टकळी दोन मैत्रिणींना घेऊन हजर!

महिन्याभरात माझ्याभोवती चौदा डोकी जमली. खोक्यांवर उभी राहिल्याशिवाय त्यांचे हात मला पोहोचत नसत. सकाळी शाळा, दुपारी कात्री. शिंपी कधी कधी कुरकुरे.

"आक्का, काल गिऱ्हाइकाच्या पाटलोणीवर सात आठांचा गुणाकार उमटला होता."

"उत्तर बरोबर होतं ना?"

"छप्पन्न."

"मग झालं तर!"

अशी तीन-चार वर्षे गेली. मग समोरच्या धान्याच्या कोठारात, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी शाळा काढली. बाके, फळा, घंटा, आणि दारावर 'मुलांची विद्याशाळा' अशी ठसठशीत पाटी. सरकारची मान्यताही मिळाली. बघता बघता आमच्याकडचे सगळे मुलगे तिकडे गेले. उरल्या सहा मुली. गुरुजी आमच्या शाळेला 'चिंध्यांची शाळा' म्हणत. ते आक्काच्या कानावर आले आणि तिने त्यांच्याशी बोलणेच टाकले. रागाने माझाही जीव जळत होता. पण टेबल बिचारे काय करणार?

टकळीला शिक्षिका व्हायचे होते. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे, आणि मान्य शाळेच्या पटावर नाव नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. नावे पाठवायला चार दिवस उरले. शेवटी शिंप्याने कात्री खाली ठेवली.

"आक्का, तुझा मान मोठा की पोरींचं वर्ष?"

ती उठली आणि रस्ता ओलांडून गेली. परतली ती गुरुजींना घेऊनच.

"आधी मुलींची तयारी बघतो, मग पटाचं बघू," गुरुजी म्हणाले. त्यांनी विचारले, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन कशावरून? टकळीने कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि माझ्या सरळ कडेवर एकाशेजारी एक लावून दाखवले. मधे फट नाही, एकही कोपरा कडेबाहेर नाही.

गुरुजींनी ते कोपरे उचलून स्वतः पुन्हा लावून पाहिले. "माझ्या मुलांना हे पाठ आहे. कळलेलं मात्र एकालाही नाही. वर्षभर घसा फोडतोय मी."

"मग पाठवा त्यांना इकडे," आक्का म्हणाली. "भूमिती मी शिकवते. माझ्या मुलींची नावं तुमच्या पटावर घाला."

"अहो, पण पाटीवर 'मुलांची' लिहिलंय."

"पाटीचं सोडा. चिंध्या शेजारी बसलेल्या तुम्हाला चालतील का, तेवढं सांगा."

गुरुजींचा चेहरा पडला. "चुकलं माझं, आक्का," ते हळूच म्हणाले. आणि त्याच टेबलावर, म्हणजे माझ्यावर, त्यांनी मुलींची नावे लिहून घेतली.

त्या वर्षी पाच मुली परीक्षेला बसल्या. चार पास झाल्या. टकळी शुद्धलेखनात नापास! माझ्यावर डोके टेकून ती रडली. तिला इतका वेळ न बोलता राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आक्काने तिला रडू दिले, मग पुस्तक पुढे सरकवले. पुढच्या वर्षी ती पास झाली आणि नंतर तिने गावात एकतीस वर्षे शिकवले. गुरुजींनी स्वतः शिडीवर चढून पाटीवरचा 'मुलांची' हा शब्द खरवडून काढला. दोन शाळांची एक शाळा झाली. शिंप्याने मला शाळेला देऊन टाकले आणि कितीतरी महिने जमिनीवर बसून कापड बेतले.

पुढे मोठी इमारत झाली. नवी बाके आली. माझा एक पाय मोडला, तसे मला कोठीत ढकलले. मोडक्या खुर्च्या डोक्यावर घेऊन मी किती वर्षे काढली, ते मलाही सांगता येणार नाही. गेल्या वर्षी इतिहासाच्या बाई गावातल्या पहिल्या खासगी शाळांची हकीकत लिहू लागल्या. टकळीच्या नातीने त्यांना माझ्याबद्दल सांगितले. मला बघायला बोलावलेला सुतार म्हणाला, "बाई, हे जळणात घाला." बाई म्हणाल्या, "पाय नवा बसवा." आता मी वाचनखोलीत आहे. माझ्याभोवती पुन्हा कलकलाट असतो, आणि खरे सांगू, मला तो फार आवडतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कोठीत एखादी लंगडी वस्तू दिसली, तर तिला लगेच भंगारात काढू नका. ही कुणाच्या घरून आली, असे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उत्तर मिळाले नाही, तरी तिचा पाय तेवढा बसवून घ्या. बसायला जागा झाली, की शिकायला कुणीतरी येतेच.