मेघ्याचं औक्षण

मेघ्या या वळूला मी चार वर्षं ओळखते, पण फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. सदाशिव पेठेतून स्कूटरवर लॅबला यायचं, खोलीत अंधार करायचा आणि त्याचे शुक्रजंतू हिरवे चमकताना बघत बसायचं, ही माझी नोकरी. चमकतं ते त्यांच्या डोक्यावरचं, रंग लावलेलं प्रोटीनचं अस्तर. ते गेलं तर शुक्रजंतू पोहतो, बीजापर्यंत पोचतोही, पण बीज त्याला आत घेत नाही.

वर्षभरात मेघ्याच्या वीर्यकांड्यांनी, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळ्यांनी, वाघोलीत एकही गाय गाभण राहिली नव्हती, आणि त्याच्या बहुतेक कांड्या तिथेच जात.

"नीरजा, सोमवारी रिपोर्ट द्या. वळू काढून टाकायचाय," साहेब म्हणाले. कपाट काढायचं असतं तर निदान आत काय आहे ते तरी बघितलं असतं.

मी कांड्या पुन्हा तपासल्या. सगळं हिरवंगार. फार राग आला. शनिवारी थेट वाघोली गाठली.

तिथे गायींना कृत्रिम रेतन करतात ते हिंदुराव. मेघ्या त्यांच्याच गोठ्यात जन्मलेला. त्यांनी नायट्रोजनच्या डब्यातून गोठलेली कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, घड्याळ बघितलं. सगळं नियमानं. गाय शेजारच्या गोठ्यात उभी होती, पण हिंदुराव घरात शिरले.

"सोजर, आलंय गं तुझं लेकरू!"

त्यांच्या पत्नी सोजरबाई ताट घेऊन लगबगीनं आल्या. कांडी पाटावर ठेवली. कुंकू, अक्षता, निरांजन.

"दूध पिताना किती ढुश्या द्यायचास रं," त्या कांडीशी बोलू लागल्या. ज्योत हलत होती, धुपाचा वास दाटला होता. मेघ्या खरंच दारात उभा आहे असं मला वाटायला लागलं, त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. भानावर आले तेव्हा दहा मिनिटं उलटून गेली होती. वितळलेली कांडी तर लगेच वापरायची असते. बाकीच्या वळूंना इथे कुणी ओवाळत नव्हतं.

लॅबमध्ये येऊन मी मेघ्याची एक कांडी वितळवली आणि दहा मिनिटं तशीच ताटात ठेवली. शुक्रजंतू अंधारात पोहत होते, पण हिरवं विझत आलं होतं.

रविवारी परत जाऊन सगळं सांगितलं. सोजरबाईंनी आपल्या तळव्यांकडे बघितलं.

"म्हंजे माझ्याच हातानं व्हय?"

एरवी माझी जीभ तिखट. तेव्हा मात्र शब्द जपून निवडले.

"त्याला ताटकळत ठेवू नका, सोजरबाई. लांब जायचं असतं त्याला."

त्या उठल्या, ताट घेतलं आणि बंद डब्यालाच ओवाळलं. मग हिंदुरावांनी कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि तडक शेजारच्या गोठ्यात गेले.

सोमवारी मी लिहिलं: वळू निर्दोष, तीन महिने मुदत द्यावी. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून सही केली.

तीन महिन्यांनी हिंदुरावांचा फोन आला.

"गाय गाभण हाय, मॅडम!"

मागून सोजरबाईंचा आवाज आला, "ताई, त्याला सांगा. मी न्हाई थांबवलं ह्या बारीला."