लारोंदांच्या पत्र्याचं देणं

सप्टेंबरात बेटावरच्या रोझो गावात येणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर कंजूष, असं युडोरा लतांगचं स्पष्ट मत होतं. धक्क्यावर एकही जहाज नसतं. जुन्या बाजारातल्या बायका टोपल्यांवर प्लास्टिक टाकून भर दुपारी घर गाठतात. नदी चहासारखी होऊन समुद्रात घुसते, आणि पाऊस तर असा, की कंटाळा नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नाही. युडोराचं गेस्टहाउस या दिवसांत ओस पडायचं. गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, चादरींना कुबट वास लागू नये म्हणून रोज झटकायच्या आणि नाताळची वाट बघायची, एवढंच काम.

यंदा मात्र एक पाहुणा होता. ऑस्बर्न लारोंद. पाहुणा कसला, शेजारचाच. कुंपणापलीकडचं निळं लाकडी घर त्याच्या आईचं, मा लारोंदचं. एकोणिसाव्या वर्षी तो इंग्लंडला गेला, ब्रॅडफर्ड नावाच्या गावात जन्मभर बस चालवली, बायको गेली, नोकरी संपली, आणि आता सत्तरीला टेकल्यावर सप्टेंबरचं तिकीट स्वस्त म्हणून आला होता. म्हणजे युडोराच्या हिशेबानं कंजूष. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घर विकायचं, सह्या करायच्या आणि परत जायचं, असा त्याचा बेत. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. गावातल्या एका सिमेंटच्या व्यापाऱ्याला ते घर पाडून गोदाम बांधायचं होतं.

युडोराच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या घराकडे उघडायची. "म्हातारपणी गोदामाची भिंत बघत भांडी घासू का मी?" असं ती भेटेल त्याला विचारायची. खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरच राहिलं नाही तर ऑस्बर्न पुन्हा कशाला येईल? आणि तो पुन्हा येणार नाही, हे तिला सोसवणार नव्हतं. लहानपणी दोघांनी त्या कुंपणातून एकमेकांना काय काय चोरून दिलं होतं. पुढे तिचं लग्न झालं. नवरा चांगला निघाला, तोही गेला. मुलं न्यूयॉर्कला. तरी पलीकडे कुणी खोकलं की अजून तिचे कान टवकारायचे. या वयात असलं काही बोलून दाखवायचं म्हणजे गल्लीला वर्षभराची करमणूक.

त्यात हा गृहस्थ अगदी पाहुण्यासारखा वागायचा. कप स्वतः विसळून पालथा घालायचा. घासाघासाला थँक्यू.

"अरे, थँक्यू-थँक्यू काय लावलंयस? मी तुला बसचं तिकीट फाडून दिलं का?"

"सवय गं."

"सोड ती सवय. इथे ताट रिकामं झालं की पोचतं आम्हाला."

"बरं. थँक्यू," म्हणून तो ताट घेऊन मोरीकडे निघायचा, आणि युडोराच्या कपाळाची शीर उठायची.

एका पहाटे वारा सुटला. वादळ नव्हे. रेडिओवाल्यांनी त्याला नाव ठेवण्याचीही तसदी घेतली नाही. पण निळ्या घराचे पत्रे त्यानं उचलले, आणि त्यातला एक तर युडोराच्या खुराड्यावर आणून टाकला. ऑस्बर्न छत्री घेऊन बघून आला.

"जाऊ दे. नाहीतरी पाडायचंच आहे."

"आत मा लारोंदचं शिवणयंत्र आहे. पलंग आहे. चर्चला घालायच्या टोप्या आहेत तिच्या."

"मी काय करू, युडोरा? पुढच्या आठवड्यात सह्या आहेत."

हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याची हनुवटी हलत होती. युडोरानं गमबूट चढवले. "अंडी घेऊन येते," म्हणाली आणि बाहेर पडली. घरात अंडी ढीगभर होती.

ती गेली तेलेमाक सुताराकडे. तिथून फेलिक्स कोळ्याकडे. तिथून चढावर जोझेतकडे. ही जोझेत अळकुड्या पिकवते, आणि तिच्या तोंडी लागायला पोलीसही कचरतात. तिघांना तिनं एकच शब्द सांगितला. कूदमें. शनिवारी, लारोंदांकडे. कूदमें म्हटलं की कुणी का म्हणून विचारत नाही. हातोडी, कोयता, असेल ते घेऊन माणसं येतात, राबतात, जेवतात आणि जातात. पैशाचं नाव काढायचं नाही. ज्यानं बोलावलं त्यानं पोटभर जेवू घालायचं, आणि जे जे आले त्यांच्या कामाला पुढे एकेक दिवस हजर व्हायचं. जो बोलावतो, देणं त्याचं. घर कुणाचंही असो. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"म्हणजे देणं तुझं, तांती," तेलेमाक म्हणाला. तो तिच्या मुलाच्या वयाचा, म्हणून ती त्याची तांती, म्हणजे मावशी. "मला ढीगभर फळ्यांना रंधा मारायचाय. तू मारणार?"

"माझ्या वतीनं तो येईल."

"त्याला ठाऊक आहे?"

"त्याला मी सांगेन की देणं त्याचंच आहे. पन्नास वर्षं तिकडे राहून कसले नेमधर्म आठवतायत त्याला! देणं आहे म्हटलं की राहील. फेडल्याशिवाय जाणाऱ्यातला नाही तो."

तेलेमाकनं कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. "तांती, तू म्हणजे ना…"

"काय?"

"काही नाही. शनिवारी पातेल्यात कणकेचे गोळे जास्त घाल."

शनिवारी ऑस्बर्नची दाढी अर्धी झाली होती, तेवढ्यात कुंपणापलीकडे ठोकाठोक सुरू झाली. तोंडाला फेस तसाच घेऊन तो बाहेर आला. फेलिक्स त्याच्या आईच्या छपरावर बसला होता, आणि खाली जोझेत पत्रे उचलून देत होती.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"एऽ एऽ! आईचं घर गळतंय आणि हा विचारतोय कुणी बोलावलं," जोझेत म्हणाली. "तोंड पूस आणि शिडी धर. शिडी म्हणजे काय ते माहितीये ना, की तिकडे सगळं बटणावर?"

त्यानं शिडी धरली. मग खिळे द्यायला अर्ध्यापर्यंत चढला. दुपार होईतो तो गंजीफ्रॉकवर छपरावर होता, पाऊस मानेवरून आत उतरत होता आणि त्याला पत्ता नव्हता. युडोरानं पडवीत तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं होतं. नीरफणस, खारा मासा, अळूची पानं, नारळाचं दूध, वर कणकेचे गोळे. फेलिक्स काहीतरी वाह्यात बोलला आणि ऑस्बर्न खदखदून हसला. हसताना तो थेट मा लारोंदसारखा दिसला. मासा आधीच खारा, त्यात युडोरानं वरून मीठ घातलं.

"हे मीठ कुणाच्या नावानं पडलं गं?" जेवताना जोझेतनं विचारलं. युडोरानं तिला आणखी दोन गोळे वाढले, म्हणजे तोंड बंद राहील.

जेवणं झाली आणि ऑस्बर्ननं खिशातून भिजलेलं पाकीट काढलं. फेलिक्स समुद्राकडे बघायला लागला.

"ते आत ठेव, दादा," तेलेमाक हळूच म्हणाला. "मा लारोंद वरून बघत असेल. मला लाज वाटते."

माणसं गेल्यावर युडोरा पातेलं घासायला बसली. मान खाली घालूनच तिनं सांगून टाकलं, "पैसे कसले काढतोस? एकेकाच्या कामाला जायचं असतं. तुझं घर, तुझं देणं. विसरलास वाटतं."

"माझं घर, माझं देणं?"

"मग काय माझं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"असं का?" तो म्हणाला. "बरं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिकीट पुढे ढकललं.

तेलेमाककडून तो आला तेव्हा भुवयांत भुसा होता. फेलिक्सकडे होडीचा तळ खरवडून आला, तेव्हा अंगाला असा वास, की युडोरानं त्याला व्हरांड्यातच जेवायला बसवलं. दिवस भरला तरी फेलिक्स त्याला सोडीना. उजाडता उजाडता खिडकीखाली ओरडायचा, "ए ब्रॅडफर्ड! मेलास की झोपलायस?" बघता बघता सगळी गल्ली त्याला ब्रॅडफर्ड म्हणू लागली. थँक्यू आधी कमी झालं, मग बंदच झालं. एक दिवस त्यानं रिकामं ताट पुढे सरकवून नुसतं "अजून आहे?" असं विचारलं, आणि युडोरा घाईघाईनं चुलीकडे वळली. आपलं तोंड त्याला दिसायला नको होतं.

सिमेंटवाला फोनवर फोन करायचा. "लोकांचं देणं आहे, ते फिटू दे," ऑस्बर्न सांगायचा. व्यापारी झाला तरी तो इथलाच. कूदमेंच्या देण्यापुढे काय बोलणार? चरफडत फोन ठेवायचा.

डाव असा छान जमत आला होता. मग ऑस्बर्न जोझेतच्या चढावर अळकुड्या खणायला गेला आणि चिखलात घसरला. जोझेतच्या खांद्यावर हात टाकून लंगडत घरी आला तेव्हा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"खालच्या वाफ्यात बस म्हणून सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ!" जोझेत दारातून ओरडली. मग जाता जाता युडोराला बाजूला घेऊन, तिच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाली, "देणं तुझं, युडोरा. गुडघा त्याचा गेला."

युडोरानं त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि रममध्ये मुरवलेला पाला गुडघ्यावर बांधायला घेतला. बाहेर पाऊस कोसळत होता.

"सगळ्यांचं फिटलं," ऑस्बर्न म्हणाला. "उद्या कागद घेऊन येतो म्हणालाय तो सिमेंटवाला."

तिचा हात थांबला. तुझ्यावर माझाही एक दिवस राहिलाय, एवढं म्हणायचा अवकाश, हा आणखी थांबला असता. शब्द अगदी ओठावर आला. पण समोर तो गुडघा होता, आणि चिखलानं नखं भरलेले त्याचे म्हातारे हात.

"ऑस्बर्न, ते देणं तुझं नव्हतंच. बोलावलं मी. देणं माझं. तू जाऊ नयेस म्हणून खोटं बोलले. मला तुझ्याशिवाय… मला ते घर रिकामं बघवत नाही. तुझ्याशिवाय. झालं, बोलले. आता ओरड काय ओरडायचं ते."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जो बोलावतो, देणं त्याचं. लहानपणी या गल्लीतल्या प्रत्येक कूदमेंचा निरोप घरोघर मीच न्यायचो. आईनं मला ते मुळाक्षरांच्या आधी शिकवलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू खोटं किती छान बोलतेस ते बघत होतो. पातेल्याचा तळ गेला असता अजून थोडं."

युडोरा भडकली. इतके दिवस त्या खोट्यानं आपला जीव खाल्ला, आणि हा मजा बघत होता! "मग गेलास कशाला चिखलात मरायला?"

"तिकडे मला कुणी हाक मारत नाही, युडोरा," तो म्हणाला. "डॉक्टरकडे नंबर आला की नाव पुकारतात, तेवढंच. इथे तो फेलिक्स पहाटे शिव्या घालतो, आणि मी त्याच्या आधीच जागा होऊन वाट बघत पडतो, की आज अजून आला कसा नाही."

तिनं पट्टीची गाठ मारली. नीट बसेना, म्हणून सोडून पुन्हा मारली.

"आता हिशेब," तो म्हणाला. "मी कुणाचं देणं फेडलं?"

"माझं."

"मग ते सगळे दिवस आता कुणावर?"

"माझ्यावर."

"आणि केव्हा मागायचे ते कुणी ठरवायचं?"

"ज्याचं येणं असेल त्यानं." हे म्हणता म्हणता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. येणं असलेला माणूस या आठवड्यात दिवस मागतो, पुढच्या वर्षी मागतो, त्याची मर्जी. पण मागायला त्याला इथेच असावं लागतं.

"मी एकदम नाही मागणार. एकेक मागेन. सावकाश."

"सत्तरीत सावकाश म्हणतोस, मेल्या?"

"म्हणून तर पहिला आत्ताच मागतोय. त्या सिमेंटवाल्याला फोन कर. तो ओरडतो गं, आणि ओरडणाऱ्या माणसाला सॉरी म्हणायचं एवढंच मी इतक्या वर्षांत शिकलोय."

"फोन करणं हे काय काम झालं?"

"कूदमेंला आलेल्यानं काम निवडायचं नसतं."

युडोरानं हात पुसले आणि फोन लावला. आधी शुभ दुपार म्हणाली, त्याच्या आईची तब्येत विचारली, कारण त्याशिवाय इथे कुणी बोलायला सुरुवात करत नाही. मग म्हणाली, लारोंदांचं घर विकायचं नाही. पलीकडचा आवाज ऑस्बर्नला खुर्चीत ऐकू येत होता. शब्द दिलाय, वकील ठरवलाय, एवढे दिवस थांबलोय. शेवटी त्यानं विचारलं, "आणि तू कोण मध्ये बोलणारी?"

युडोरानं ऑस्बर्नकडे पाहिलं. तो पट्टी चाचपत बसला होता. मदत करायचं लक्षण दिसत नव्हतं.

"माझ्यावर त्याचं देणं आहे," ती म्हणाली. "पुष्कळ आहे. ते फिटेपर्यंत तो कुठे जाणार नाही."

आणि तिनं फोन ठेवला.